दर पावसाळ्यात बांबू कुंपणापलीकडे उगवतोय? आधी कोंब उकरून बघा

तक्रार जवळजवळ त्याच शब्दांत येते. काही वर्षांपूर्वी कंपाउंडच्या कडेला आडोसा म्हणून बांबू लावला. पहिली दोन-तीन वर्षं तो जागचा हलला नाही, उलट "हा जगतो की नाही" अशी काळजी वाटायची. आता पाऊस लागला की फरशीच्या सांध्यातून, बोअरच्या ओट्याजवळून, शेजाऱ्याच्या पार्किंगमधून कोंब वर येतात. तोडले की पुढच्या पावसाळ्यात पुन्हा हजर. शेजारचे काका आधी हसत सांगायचे, "सर, तुमचा बांबू आमच्याकडं पाहुणा आलाय बरं का." आता ते नगरपालिकेत अर्ज द्यायची भाषा करतात. आणि मग प्रश्न येतो की बांबूच्या मुळाशी ॲसिड ओतलं तर चालेल का.

नाही चालणार. ॲसिड, डिझेल, मिठाचं पाणी यातलं काहीही ओतलं तरी जिथं ओतलं तेवढाच भाग जळतो. बांबू पुढच्या डोळ्यातून फुटतो, माती मात्र नासते आणि शेजारचा कढीपत्ता फुकट मरतो.

खरी गोष्ट अशी की "बांबू पसरला" या एका वाक्यात दोन वेगळी दुखणी असतात. एकात बांबू जमिनीखालून खरोखर पळत असतो. दुसऱ्यात तो जागेवरच असतो, पण जागा त्याच्या मापाची नसते. माझ्या पाहण्यात मराठवाड्यातल्या बहुतेक तक्रारी दुसऱ्या प्रकारच्या निघतात, आणि उपाय मात्र सगळे पहिल्या प्रकारचे करत बसतात.

निदान: एक खुरपं आणि दहा मिनिटं

नको तिथं आलेला कोंब तोडू नका, त्याच्याभोवती हातभर खोल उकरा. काळी माती कोरडी असताना पहारीलाही दाद देत नाही आणि ओली असताना खुरप्याला चिकटून बसते, त्यामुळे पावसानंतर वाफसा आला की हे काम करा. कोंबाच्या बुडाला काय आहे ते बघायचं.

बुडाला जाड, आखूड, आल्याच्या गड्ड्यासारखा वळलेला कंद असेल आणि तो लगेच मूळ बेटाला जोडलेला असेल, तर तुमचा बांबू बेटाचा आहे. या प्रकारात कंद थोडा बाजूला जातो, वर वळतो आणि त्याचीच काठी होते. पुढचा कोंब त्या कंदाच्या कुशीतल्या डोळ्यातून येतो. म्हणून बेट गोल वाढत जातं, वर्षाला वीतभर, फार तर हातभर. ते एकदम दहा फुटांवर उगवत नाही.

बुडाला बोटाएवढी, लांब, जमिनीला समांतर गेलेली मुळी लागली, तिला थोड्या थोड्या अंतरावर पेरं असतील आणि प्रत्येक पेराला डोळा व तंतुमुळं असतील, तर तो पळणारा बांबू. ही मुळी वर वळत नाही, पुढेच जात राहते आणि कोंब तिच्या बाजूच्या डोळ्यांतून निघतात. चीन-जपानकडच्या थंड हवेतल्या फायलोस्टॅकिस, प्लायोब्लास्टस, सासा या जाती अशा वाढतात.

उकरायची इच्छा नसेल तर काठीवरून अंगठा फिरवा. फांद्या जिथून फुटतात त्या पेराच्या वरच्या बाजूला काठी चपटी किंवा खोबणीसारखी लागली आणि प्रत्येक पेराला दोनच फांद्या असतील, एक जाड एक बारीक, तर तो फायलोस्टॅकिस. आपल्याकडच्या बेटाच्या बांबूची काठी गोल असते आणि पेराला फांद्यांचा झुबका असतो. मात्र खोबण नाही म्हणून निर्धास्त होऊ नका. पळणाऱ्या इतर जातींना खोबण नसते, तिथं खालची मुळीच बघावी लागते. भारतीय बांबू म्हणजे बेटाचाच, हाही समज अर्धवट आहे. मिझोरामचा मेलोकॅना बेटाच्या गटातला असूनही त्याच्या कंदाची मान इतकी लांब असते की काठ्या एकमेकींपासून दूर दूर उगवतात.

तो एवढे दिवस गप्प का होता?

पळणारा बांबू सुरुवातीला खाली जम बसवतो, वर काही दाखवत नाही. त्यात आपला चाळीसच्या पुढचा उन्हाळा त्याला सोसत नाही, पानं करपतात, वाढ रखडते. आपल्याला वाटतं, हा काय पसरणार. पण घराभोवती ओलावा कुठं ना कुठं असतोच. आरओचं टाकाऊ पाणी जिथं सोडलंय ती जागा, कूलरखालची ओल, धुण्याच्या दगडाचं पाणी, शेजाऱ्याचं लॉन. मुळी मऊ आणि ओल्या मातीत सहज पुढे सरकते. नळाला आठ-आठ दिवसांनी पाणी येणाऱ्या गावात ओल्या जागा मोजक्या असतात, त्यामुळे कोंबही नेमके तिथंच दिसतात. ओलीचा नकाशा काढला तर मुळीचा रस्ता बराचसा कळतो.

दुसरं कारण आपल्या मातीत आहे. भारी काळ्या जमिनीला एप्रिल-मेमध्ये हात जाईल अशा भेगा पडतात. बांबूभोवती कुणी विटांची भिंत किंवा सिमेंटचा पट्टा घातला असेल तर ही माती पावसात फुगून आणि उन्हाळ्यात आकसून त्याला तडे देते. एक तडा मुळीला पुरे. "आम्ही तर कठडा बांधला होता" असं म्हणणाऱ्यांच्या कठड्याला टॉर्च लावून बघा.

पळणारा निघाला तर

कोंब उंच होऊन पानं फुटल्यावर तोडणं ही सगळ्यात मोठी चूक. कोंब वर येतो तो साठवलेल्या अन्नावर, आणि पानं आली की तो मुळीला ते अन्न परत करतो. तुम्ही तीन फुटी, पानं फुटलेला बांबू कापता तेव्हा मुळीचं कर्ज फिटलेलं असतं. कोंब वीतभर असतानाच, पान उघडण्याआधी मोडा. कोवळा कोंब बुटाने लाथाडला तरी तुटतो. पावसाळाभर आठवड्यातून एक फेरी मारा. आधीच्या पानं धरलेल्या काठ्याही कापून असं सलग दोन-तीन हंगाम केलं की मुळी उपाशी मरते. शेजाऱ्यालाही हेच समजावून सांगावं लागतं, कारण त्याच्या आवारात पानं धरलेली एक काठी तुमच्या बाजूच्या मुळीला पोसत राहते.

खणून काढायचा असेल तर कोंबापासून मूळ रोपाकडे मुळीचा माग काढत या. ती साधारण वरच्या एक-दीड फुटातच असते, फार खोल जात नाही. सलग निघाली तर उत्तम. जेसीबी लावून जमीन उलथीपालथी केली तर मुळीचे तुकडे होतात आणि डोळा असलेला प्रत्येक तुकडा नवं रोप होऊ शकतो. ती माती ट्रॉलीत भरून दुसऱ्या प्लॉटवर भर म्हणून टाकली की दुखणं गावभर. निघालेल्या मुळ्या सिमेंटच्या ओट्यावर किंवा पत्र्यावर उन्हात वाळवा. आपलं ऊन त्यासाठी पुरेसं आहे, तेवढा तरी त्याचा उपयोग.

बांबू ठेवायचाच असेल तर अडथळा घालावा लागतो. इथं एक जुगाड नेहमी दिसतो: शेततळ्याचा उरलेला प्लास्टिक कागद. शेततळ्यात बहुधा ५०० मायक्रॉनचा, म्हणजे अर्धा मिलिमीटर जाडीचा कागद वापरतात. पाणी अडवायला तो बरा, पण मुळीच्या टोकदार शेंड्याला तो भारी नाही. बांबूसाठी दीड मिलिमीटरच्या आसपास जाडीची एचडीपीई, म्हणजे कडक प्लास्टिकची शीट लागते. ती दोन ते अडीच फूट खोल उभी करायची, वरचं टोक बाहेरच्या बाजूला किंचित कललेलं ठेवायचं म्हणजे मुळी खाली न जाता वर वळते, आणि दोन इंच कड जमिनीच्या वर ठेवायची. ती कड झाकू नका. मुळी तिच्यावरून उडी मारायला बघते, आणि कड दिसली तरच मुळी दिसते. शीटची दोन टोकं जिथं मिळतात तिथंच गळती होते, म्हणून तो जोड पट्टी आणि बोल्ट लावून आवळा.

मला स्वतःला शीटपेक्षा चर जास्त पटतो. बांबूभोवती फूटभर रुंद आणि फूट-सव्वा फूट खोल चर काढून त्यात पालापाचोळा सैल भरून ठेवायचा. पावसाळ्याच्या मध्यावर आणि दिवाळीनंतर पाला हाताने बाजूला करून चरात डोकावलेल्या मुळ्या छाटायच्या. खर्च नाही, आणि काळ्या मातीने चर आकसला-फुगला तरी बिघडत नाही. फक्त आळस केला की पद्धत बाद.

बेटाचा निघाला तर

मग तो पळालेला नाही, तो मोठा झाला आहे. आणि यातले बरेच बांबू शेतातून घरी आलेले असतात. लातूर-धाराशिवकडे गेल्या काही वर्षांत बांबू लागवडीची हवा आहे, शेतकरी नेते पाशा पटेल यांनी तर तो विषय गावोगाव नेला. त्या लागवडीच्या रोपांतलं एखाद-दुसरं "घरी लावू" म्हणून कुणीतरी आणतं आणि भिंतीपासून हातभर अंतरावर रोवतं. तो बाल्कोवा असेल तर पन्नास-साठ फुटांपर्यंत जाणारी, मनगटाहून जाड काठी आहे. शेतात दोन रोपांत तीन-चार-पाच मीटर अंतर ठेवतात ते उगाच नाही. काटस, ज्याला कळकही म्हणतात, तो तर याहून मोठा आणि वर काटेरी, त्याचं घराजवळ काय काम?

लोक फसतात ते रोपाच्या बारीकपणामुळे. बांबूची काठी इतर झाडांसारखी वर्षागणिक जाड होत नाही. जमिनीतून ज्या जाडीचा कोंब निघतो तीच त्या काठीची कायमची जाडी, आणि दोन-तीन महिन्यांत ती आपली पूर्ण उंची गाठते. पुढच्या वर्षीचा कोंब मात्र आधीच्याहून जाड. रोपवाटिकेतली पेन्सिलएवढी काठी पाच वर्षांनंतरचं काहीच सांगत नाही.

उपाय साधा आहे. भिंतीच्या किंवा सेप्टिक टँकच्या बाजूने येणारे कोंब पावसाळ्यातच मोडायचे आणि मोकळ्या बाजूचे राखायचे. दोन-तीन वर्षांत बेट त्या बाजूला सरकतं. कंद भिंतीला टेकलेच असतील तर तेवढा भाग कुदळीने तोडून काढावा लागतो. हे अंगमेहनतीचं काम आहे, पण एकदाच करावं लागतं. कापायला परवानगी लागते का, असं अनेकजण विचारतात. भारतीय वन अधिनियमातल्या २०१७ च्या दुरुस्तीने वनक्षेत्राबाहेरचा बांबू "झाड" या व्याख्येतून वगळला आहे, त्यामुळे आपल्या अंगणातला बांबू तोडायला वनखात्याकडे जायची गरज उरलेली नाही.

नवीन घेताना

रोपवाटिकेत नावावर जाऊ नका. "गोल्डन बांबू" म्हणून दोन अगदी वेगळी रोपं विकली जातात: एक पिवळ्या काठीवर हिरवे पट्टे असलेला बांबुसा व्हल्गॅरिस, तो बेटाचा, आणि दुसरा फायलोस्टॅकिस ऑरिया, तो पळणारा. "ब्लॅक बांबू"चंही तेच. फायलोस्टॅकिस नायग्रा पळतो, काळ्या काठीच्या उष्ण प्रदेशातल्या काही जाती बेट करतात. आपल्याकडच्या रोपवाटिकांत शोभेचा माल बराचसा आंध्रातल्या कडियमहून नाहीतर पुण्याकडून ट्रकने येतो, विकणाऱ्यालाही त्याच्यावरच्या चिठ्ठीपलीकडे माहिती नसते. ऑनलाइन "मोसो बांबू"च्या बियांची पाकिटं मिळतात, ती तर पळणारीच जात. पांढऱ्या पट्ट्यांचं बुटकं "ड्वार्फ बांबू" घेताना दुप्पट सावध, त्यात प्लायोब्लास्टस असू शकतो. आणि पाण्याच्या बरणीतला लकी बांबू हा बांबूच नाही, तो ड्रॅसिना. त्याच्यापासून शेजाऱ्याला धोका नाही.

मग करायचं काय? पिशवी हातात घ्या आणि आडवी करून बुडाशी बघा. सगळ्या काठ्या एकाच गाठीतून दाटीने निघाल्या असतील तर बेटाचा. एखादी काठी बाकीच्यांपासून फटकून पिशवीच्या कडेने उगवली असेल, किंवा पिशवीच्या आतून कडेकडेने गोल फिरलेली मुळी हाताला लागत असेल, तर ठेवून द्या. "भाऊ, जरा पिशवी फाडून दाखवता का, रोप घेतोच मी" असं म्हटलं तर बहुतेक जण दाखवतात. जो दाखवत नाही त्याच्याकडून घेऊ नये.

प्लॉटवरच्या आडोशासाठी माझी पहिली पसंती बांबुसा मल्टिप्लेक्स, ज्याला हेज बांबू म्हणतात. काठी बोटाएवढी, उंची साधारण दहा-पंधरा फूट, बेट घट्ट, काटे नाहीत, छाटलेला चालतो. भिंतीपासून किमान तीन फूट सोडा, दोन रोपांत दोन ते तीन फूट. तीस बाय चाळीसच्या प्लॉटवरही हा मावतो. पाणी मात्र लागतं. तहान लागली की पानं सुरळी करून उभी राहतात, हा त्याचा इशारा. बोअरचं क्षारयुक्त किंवा आरओचं टाकाऊ पाणी सतत दिलं तर पानांची टोकं जळतात. ते पाणी पावसाळ्यातच काय ते द्या, उन्हाळ्यात एकटं देऊ नका.

थोडी जास्त जागा असेल, म्हणजे भिंतीपासून सहा-सात फूट सोडता येत असतील, तर थायर्सोस्टॅकिस सायामेन्सिस, थाई बांबू. सरळसोट, घट्ट, देखणा, आणि कमी पाण्यावर मल्टिप्लेक्सपेक्षा चांगला तगतो. उंची तीस फुटांवर जाते, त्यामुळे वरून विजेची तार गेली असेल तर विसरा.

शेतातल्या घरासाठी माणवेल. हा किनवटच्या जंगलातला आपलाच बांबू, भरीव काठीचा, काटक, मुरमाड जमिनीत आणि कमी पावसात टिकणारा. उन्हाळ्यात पानं गाळतो, तेव्हा "मेला" समजून उपटू नका. पण आडोसा नेमका उन्हाळ्यातच हवा असेल तर हा कामाचा नाही. गावातल्या अर्ध्या गुंठ्यात तर मी तो कधीच सुचवणार नाही. कोकणातला माणगाही बिनकाट्याचा आणि सरळ, पण त्याला तिकडचा पाऊस आवडतो. इकडे ठिबकशिवाय त्याच्याकडून फार अपेक्षा ठेवू नये. पिवळा व्हल्गॅरिस दिसतो छान, पण त्याचं बेट सैल असतं, काठ्या ऐसपैस अंतर घेऊन येतात. बंगल्याच्या मोठ्या आवारात शोभतो, रो-हाउसच्या दारात नाही.

बुद्ध बेली बांबूबद्दल एक खुलासा, कारण त्याचीही तक्रार वरचेवर येते: "कुंडीत पोट सुटलेलं होतं, जमिनीत लावल्यावर सरळ झालं, नर्सरीवाल्याने फसवलं." फसवलेलं नाही. ती फुगलेली पेरं कुंडीच्या अडचणीत आणि तहानेवर येतात. मोकळी जमीन आणि भरपूर पाणी मिळालं की तो साधा उंच बांबू होतो. तो कुंडीतच ठेवा. पळणारा बांबू अगदी आवडलाच असेल तर तोही कुंडीतच, आणि कुंडी विटांवर उचललेली. जमिनीवर टेकलेल्या कुंडीच्या भोकातून मुळी खाली उतरते आणि वर्षभर कळत नाही.

लागवड मृगाचा पहिला शिडकावा बघून नको, जमीन खोल भिजल्यावर करा. भारी काळ्या मातीत पाणी साचत असेल तर खड्ड्यात मुरूम आणि शेणखत मिसळून रोप जरा उंचवट्यावर बसवा. पहिला उन्हाळा निघाला की पुढे फार लाड लागत नाहीत. गळलेली पानं झाडून पेटवू नका, तिथंच बुडाशी पसरा, ओल धरून ठेवतात.

तीन वर्षांनंतर दर हिवाळ्यात जुन्या काठ्या काढत जा. जुनी काठी मळकट, डागाळलेली असते, नवी तुकतुकीत आणि बुडाशी टरफल असलेली. नव्या ठेवायच्या, जुन्या काढायच्या, तेही बेटाच्या मधून, म्हणजे आत हवा खेळते. काप जमिनीलगतच्या पेराच्या अगदी वरच घ्या. मध्ये कापला तर पोकळ बुंध्यात पाणी साचतं आणि डेंग्यूचे डास त्यात अंडी घालतात. आधीच्या मालकाने तसे बुंधे सोडले असतील तर त्यांत माती भरून टाका.